गाडी गेली, गाणं उरलं

सस्कॅचवान हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. पण तिथली मसूर आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात गेलेली असणार. कॅनडाच्या पश्चिमेकडचा हा प्रांत. त्या देशात पिकणारी बहुतेक मसूर इथलीच आणि भारत तिचं मोठं गिऱ्हाईक. प्रांताच्या दक्षिणेला नजर पोचेल तिथपर्यंत सपाट माळ, शेतं, गुरं आणि मधेच एखादं छोटं गाव.

या माळावरच्या स्विफ्ट करंट नावाच्या छोट्या शहरातून आलेला गायक म्हणजे कोल्टर वॉल. जन्म १९९५ चा. गाणी स्वतः लिहितो, गिटार घेऊन गातो. आवाज इतका खर्जातला, की साठीचा म्हातारा गातोय असं वाटावं. २०१८ मध्ये त्याचा 'साँग्ज ऑफ द प्लेन्स' हा अल्बम आला. जिथे लहानाचा मोठा झाला, त्या माळरानाची ही गाणी. सोबत काऊबॉय लोकांची काही जुनी गाणीही आहेत. वाद्यांचा गोंगाट नाही, बडेजाव नाही. एका गाण्यात तर शेतकरी दाराशी आलेल्या टोरांटोच्या माणसाला सरळ परत जायला सांगतो. महानगर आणि खेडं यांचं भांडण तिकडेही आहेच!

पण मला बोलायचंय ते दुसऱ्या गाण्याबद्दल. त्याचं नावच 'द ट्रेन्स आर गॉन', म्हणजे गाड्या गेल्या.

गाड्या आपोआप जात नसतात. या प्रांतातलं धान्य बंदरापर्यंत नेण्याच्या रेल्वेभाड्याला केंद्र सरकार मदत देत होतं. ती १९९५ साली, म्हणजे या गायकाच्या जन्माच्याच वर्षी बंद झाली. गावोगावचे छोटे लोहमार्ग बंद पडण्याचा वेग वाढला. रुळांच्या कडेला उभी असलेली धान्याची उंच लाकडी कोठारं एकेक करून पाडली गेली. लांबून गाव ओळखायची खूणच ती. ती गेली.

आता पुढचं ऐका. या गायकाचे वडील ब्रॅड वॉल २००७ पासून २०१८ च्या सुरुवातीपर्यंत याच प्रांताचे प्रीमियर होते, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री समजा. त्यांच्या सरकारने मे २०१७ अखेर प्रांताची सरकारी बससेवा बंद केली. आपली एसटी, तशी त्यांची एसटीसी. १९४६ पासून चालू होती. अडीचशेच्या वर गावांना जोडणारी. कारण काय, तर प्रवासी घटले, तोटा वाढला. लोक रस्त्यावर उतरले, पण निर्णय फिरला नाही.

मुलाने बापावर गाणं लिहिलं, असं मी म्हणत नाही. गाणं रेल्वेचं आहे. आणि तोटा खोटा होता असंही नाही. पण गाडी बंद करताना हिशेब मांडला जातो तो फक्त तिकिटांचा. गाडी न चालवणाऱ्या म्हातारीने शहरातल्या दवाखान्यात कसं जायचं, हे त्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं? तो रकानाच नसतो. मग वर्षं लोटल्यावर कुणीतरी गिटार उचलतो आणि राहिलेला हिशेब गाण्यात मांडतो. म्हणून अशा अल्बमला मी नुसती आठवणींची गाणी म्हणणार नाही. ती गावाची नोंदवही आहे.

ही नोंदवहीही पुरी नाही, हे सांगायलाच हवं. सस्कॅचवान हे नाव मूळचं क्री आदिवासींच्या भाषेतलं. वेगाने वाहणारी नदी, असा त्याचा अर्थ. पण अल्बमभर भेटतात ते मुख्यतः काऊबॉय आणि शेतकरी. त्यांच्या आधीपासून ज्यांचा हा माळ होता, त्यांचं बालपण इथे जवळजवळ ऐकूच येत नाही. एका माणसाच्या आठवणीत सगळा मुलूख मावत नाही. त्यासाठी गाणारे अनेक लागतात.

अल्बम जरूर ऐका. फक्त एक लक्षात ठेवा. गेलेल्या गाडीचं गाणं ऐकून सगळेच हळहळतात. गाडी चालू असते तेव्हा तिच्यासाठी बोलायला मात्र मोजकीच माणसं उभी राहतात. हळहळ फुकट मिळते हो, गाडी परत मिळत नाही.