मदतीला होडी काढूच, पण करार आधी नीट लिहून घेऊया



गेल्या मोसमात शेजारच्या जेटीवरची एक होडी रात्री परतली नाही, ते सगळ्यांना आठवत असेल. कोस्ट गार्डच्या 1554 नंबरवर फोन गेला, पण तोवर आपल्या चार होड्या बाहेर पडल्याही होत्या. वारा कुठून आहे, बंद पडलेली होडी कुठल्या बाजूला वाहत जाईल, हे आपल्या तांडेलांना कोणी शिकवायला लागत नाही. देवाची कृपा, खलाशी सुखरूप सापडले.

पुढे डिझेलची बिलं घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे पहिला प्रश्न आला, "तुम्हाला जायला सांगितलं कोणी?" राग आला खरा. पण विचार केला तर त्या साहेबांचीही अडचण होती. त्यांच्या फायलीत आपलं नावच नव्हतं.

आता त्याच कार्यालयाकडून दोन पानांचा सहकार्य करारनामा सोसायटीकडे आला आहे. शोधकार्याला होड्या द्यायच्या, किनारा सफाईला माणसं द्यायची, माहिती कळवायची. आपण काय करायचं ते सगळं लिहिलं आहे. ते काय करणार, त्याला मात्र एकच ओळ, "शक्य ते सहकार्य केले जाईल."

यावर जेटीवर दोन मतं ऐकू येतात. पहिलं मत, माणुसकीला कागद कशाला? भावना बरोबर आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. सहाशेहून जास्त होड्या ट्रकांवर चढवून ते बुडालेल्या गावांत गेले आणि हजारो जीव वाचवले. सरकारने होडीमागे रोज 3,000 रुपये आणि मोडलेल्या होड्यांची दुरुस्ती जाहीर केली, पण ती नंतर. सगळ्या देशाचं लक्ष तिकडे होतं म्हणून लगेच जाहीर झालं. आपल्या इथे एक होडी हरवते तेव्हा टीव्हीवाले येत नाहीत. तेव्हा कागदच उपयोगी पडतो.

दुसरं मत, सही केली की आपण सरकारचे नोकर. ही भीतीही खोटी नाही. ब्रिटनमध्ये 1824 पासून दर्यात माणसं वाचवणारी लाइफबोट संस्था आहे, लोकांच्या देणग्यांवर आणि बहुतांशी स्वयंसेवकांवर चालणारी. 1854 पासून तिने सरकारी अनुदान घेतलं. पैशाबरोबर सरकारी नियमही आले आणि 1869 मध्ये संस्थेने ते अनुदान सोडून दिलं. पण सरकारशी काम करणं सोडलं नाही. आजही तिथलं कोस्टगार्ड बोट काढायची विनंती करतं आणि बोट काढायची की नाही, हे त्या ठाण्याची माणसं ठरवतात. विनंती त्यांची, निर्णय आपला. हे लिहून घेता येतं.

त्याच देशात 1998 मध्ये सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून एक करार केला, त्याला 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. 2010 च्या सुधारित मसुद्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी होत्या. मदत बंद करायची तर तीन महिने आधी लेखी कळवायचं, आणि धोरणावर मत मागायचं तर 12 आठवडे वेळ द्यायचा. त्याला कायद्याचं बळ नव्हतं, पण बोट ठेवून दाखवायला ओळ होती.

आपल्याकडेही 2007 चं स्वयंसेवी क्षेत्राचं राष्ट्रीय धोरण आहे. त्यात भागीदारीच्या तीन वाटा सांगितल्या आहेत, सल्लामसलत, दीर्घकाळचं सहकार्य आणि प्रकल्पाला निधी. सहकारी सोसायटी ही काटेकोर अर्थाने स्वयंसेवी संस्था नव्हे, हे आम्ही जाणतो. पण मासळी सोडून शोधाला जाणारा खलाशी त्या रात्री स्वयंसेवकच असतो. आणि आलेल्या मसुद्यात सल्लामसलतीचा शब्दसुद्धा नाही.

लिहून दिलं की काम होतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. महाराष्ट्रात 2018 च्या शेवटी निर्णय झाला की जाळ्यात कासव किंवा इतर संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. रक्कम ठरलेली, पुरावा म्हणून फोटो ठरलेला. रांपणकाराला कुणाच्या दयेवर राहावं लागत नाही.

म्हणून आमचं मत असं, करार करावा, पण या पाच गोष्टी घालूनच.

1. होडी काढायची की नाही, हा शेवटचा शब्द तांडेलाचा.
2. डिझेलचा दर आणि पैसे किती दिवसांत मिळणार, ते आकड्यात.
3. शोधाला गेलेल्या खलाशाचा आणि होडीचा विमा कोण भरणार, ते स्पष्ट.
4. करार मोडायचा तर दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची लेखी नोटीस.
5. करारात असलो तरी सरकारच्या निर्णयाविरुद्ध बोलायचा, मोर्चा काढायचा हक्क शाबूत.

पाचवा मुद्दा कुणाला जड वाटेल. पण मदतीच्या बदल्यात तोंड बंद ठेवायचं असेल, तर ती भागीदारी नव्हे.

आणि एक गोष्ट ठाम सांगतो. कराराची बोलणी चालू असोत की फिसकटलेली असोत, दर्यात माणूस अडकला तर होडी निघेलच. ते आपल्या वाडवडलांपासून चालत आलं आहे, त्यावर कसली अट नाही. अट आहे ती परत आल्यावर बिल घेऊन दारोदार फिरायला लागू नये, एवढीच.

सर्वसाधारण सभेत हा विषय घेतला आहे. शोधाला गेलेल्या तांडेलांनी आपला खर्च कागदावर लिहून आणावा. घरच्या बायकांनीही यावं, कारण होडी बाहेर गेल्यावर रात्रभर जागं कोण राहतं, ते आम्हाला माहीत आहे.