सोडलेले मासे

मी बँकेत कारकून आहे, हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही. पण रविवारी मी तलावावर गळ टाकून बसतो, आणि तोही मुद्दाम मासे सोडलेल्या तलावावर, हे सांगायची अलीकडे चोरी झाली आहे. कारण एक काठीवाले गृहस्थ.

यांची काठी कार्बनची, माझी बांबूची. यांच्या अंगात दहा खिशांचं जाकीट, माझ्या अंगात गेल्या दिवाळीचा बुशशर्ट. त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "रोहू? तळ्यातलाच ना?" लग्न ठरवताना आमच्या सासऱ्यांनी "मुलगा बी.कॉम.च ना?" असं विचारलं होतं, अगदी त्याच सुरात!

"अहो, सोडलेले मासे हे! यांना धरण्यात कसला आलाय पुरुषार्थ? मासा धरावा तर नदीतला. महसीर!"

मी गप्प बसलो. काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माणसाला गप्प बसता येतं. पण घरी पोचेपर्यंत उत्तर तयार झालं. ते इथे देतो.

कलम पहिलं. कटला, रोहू, मृगळ ही मंडळी साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं नदीचं फुगलेलं, वाहतं पाणी लागतं. पूर्वी त्यांचं बी नद्यांतून गोळा करून आणावं लागे. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावलं, तेव्हा कुठे हे बी हुकमी मिळायला लागलं. म्हणजे तळ्यातला रोहू हा कोणीतरी पॉलिथिनच्या पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून, बोटुकलीच्या रूपात आणून सोडलेला असतो. न सोडता तर साहेबांच्या कार्बनच्या काठीला खेकडे लागले असते.

कलम दुसरं. महसीराचं म्हणाल, तर लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांनी १९७०च्या दशकापासून महसीराचीही पैदास केली आणि पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. आता गळाला लागलेल्या महसीराकडे तुम्ही जन्माचा दाखला मागणार का?

कलम तिसरं, जरा घरगुती. मीसुद्धा सोडलेलाच मासा आहे. भरतीच्या परीक्षेत निपजलो, बदलीच्या ऑर्डरीत बांधला गेलो आणि या शाखेत सोडला गेलो. म्हणून माझं धडपडणं काय खोटं? गळ टोचला की सोडलेला मासाही जिवाच्या आकांतानेच ओढतो. तो कुठे जन्मला, हे त्या क्षणी त्याला आठवत नसावं.

इथवर गंमत झाली. पण माझं खरं भांडण पुढेच आहे.

हे गृहस्थ आठ वाजता आले. पलीकडे एक म्हातारबाबा पहाटेपासून कणकेचे गोळे टाकून जागा जमवून बसले होते. यांनी आपला गळ थेट त्यांच्या दोऱ्यावरून फेकला. एका पासावर तीन काठ्या लावल्या. मोबाइलवर गाणी लावली. वीतभर पिल्लं लागली, तीही पिशवीत कोंबली. एखादं हात ओला करून पाण्यात परत सोडावं, तर छे! मी भीत भीत म्हटलं, "लहान आहेत हो." तर म्हणाले, "सोडलेलेच आहेत. पुन्हा सोडतील!"

या एका वाक्यात सगळा हिशेब आला. 'पुन्हा सोडतील' म्हणजे कोण? तलावाचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे आहे. बोटुकली विकत घ्यायची त्यांनी, ती किलोभराची होईपर्यंत वाट बघायची त्यांनी, आणि त्यावर चूल पेटायची तीही त्यांची. ठेव दुसऱ्याची आणि स्लिप भरायला हे! ज्या माशाला किंमत द्यायची नाही, तो पिशवी भरून न्यायला मात्र हरकत नाही. रानटी माशासमोर हे सभ्य असतीलही, पण माणसाची रीत कळते ती तळ्यावरच.

ते गेल्यावर काठावर नायलॉनचा गुंता उरला. त्यात एका बगळ्याचा पाय अडकला होता. बायकोने किल्ल्यांना अडकवून दिलेल्या नेलकटरने मी तो सोडवला. बगळ्याने आभार म्हणून माझ्या मनगटावर चोच मारली. तक्रार नाही. काउंटरवरही असंच असतं.

म्हातारबाबांनी मात्र आपला दोरा मुकाट्याने गुंडाळला आणि ते दूर उन्हात जाऊन बसले होते. मी ते पाहिलं आणि तेव्हाही गप्प बसलो. लाज वाटायचीच, तर मला याची वाटते. माशाची नाही.

येत्या रविवारी साहेब येतील, तेव्हा मी म्हणणार आहे, "साहेब, हे खातं जॉइंट आहे. पैसे काढायला सगळ्यांच्या सह्या लागतात."

वाक्य पाठ केलं आहे. आवाज फुटला म्हणजे मिळवली.