गेटवरचे फौजी

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पहिली शिफ्ट आत सोडणाऱ्या सिक्युरिटीवाल्यांत माजी सैनिक बरेच भेटतात. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, शिरोळची सैनिक टाकळी. या मुलखाने मराठा लाईट इन्फंट्रीला पिढ्यान्‌पिढ्या पोरं दिली. ती चाळिशीच्या आसपास पेन्शनीत येतात आणि कारखान्याच्या गेटवर उभी राहतात. त्यांच्यातल्या काहींच्या घरी दिव्यांग लेकरू असतं. आजचा विषय तोच.

नोकरीत असताना मोठ्या छावण्यांत अशा मुलांसाठी 'आशा' शाळा असते. सैनिकपत्नींची 'आवा' (AWWA) ही कल्याण संघटना ती चालवते. पण बापाची बदली सीमेवर झाली की आई मुलाला घेऊन गावी येते आणि शिकलेलं मागं पडतं. पुढे बाप कायमचा घरी येतो, तेव्हा मूल ऐन शाळेच्या वयात असतं आणि छावणी सुटलेली असते.

कागदावर सोयी आहेत, नाही असं नाही. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत दिव्यांग अपत्याला वयाची अट नाही. कौटुंबिक निवृत्तिवेतन त्याला अटींसह आयुष्यभर मिळू शकतं आणि आईबाप हयात असतानाच पेन्शनच्या आदेशात त्याचं नाव घालून घेता येतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल अठराचं झालं, की 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हास्तरीय समितीकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. पण बारा तास ड्युटी करणाऱ्या गड्याने रेजिमेंटच्या बेळगावातल्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार कधी करायचा? दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी सिव्हिल हॉस्पिटलची रांग कधी धरायची? ठेकेदाराकडे खाडा म्हणजे पगाराला कात्री.

इथेच उद्योजकांचा संबंध येतो. 2013च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत दिव्यांगांचं विशेष शिक्षण आहे आणि माजी सैनिकांचं व त्यांच्या आश्रितांचं कल्याणही आहे. दोन्ही कलमं एकाच कामात बसतात, तरी आपल्याकडे 26 जानेवारीला शाल-श्रीफळावर भागवलं जातं! फक्त आपल्याच कामगारांवर केलेला खर्च या हिशेबात धरत नाहीत, ही अट तर सोयीचीच. चार कारखान्यांनी मिळून वसाहतीत थेरपीचं केंद्र काढलं, तर या अटीमुळे ते आसपासच्या सगळ्या गावांना खुलं ठेवावं लागेल.

अनुभव उसना आणायलाही लांब जायला नको. दिव्यांगांसाठी काम करणारी उचगावची 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' 1984पासून उभी आहे, कोल्हापुरात 'चेतना' आहे. त्यांना बोलवा, जागा द्या, पैसे द्या आणि काम त्यांना करू द्या.

केंद्र उभं राहायला वेळ लागेल. तोवर एचआरवाल्यांनी एवढं तरी करावं: गेटवरच्या कोणाच्या घरी असं मूल आहे हे ठेकेदाराला विचारावं, त्या गड्याला कायम दिवसपाळी द्यावी आणि कागदपत्रांसाठी महिन्याला एक भरपगारी सुट्टी. एवढ्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, मॅनेजरची सही पुरे.