दुसऱ्या बाजूचे ऐकून घ्या

न्यायालयीन भाषेतील लॅटिन वचनांवर आपल्याकडे अधूनमधून टीका होत असते, आणि ती बरीचशी रास्त आहे. ज्याचा खटला चालू आहे त्यालाच आपल्या खटल्यात काय बोलले जात आहे हे कळू नये, ही गोष्ट लोकशाहीला शोभणारी नव्हे. खुद्द इंग्लंडने १७३० साली कायदा करून न्यायालयांच्या कामकाजातून लॅटिनला रजा दिली. उरलीसुरली लॅटिनही १९९९ च्या दिवाणी प्रक्रिया-नियमांनी पुष्कळशी निकालात काढली. आपल्या उच्च न्यायालयांची भाषा मात्र घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार अद्याप प्रामुख्याने इंग्रजीच आहे, आणि इंग्रजीच्या पाठीवर बसून लॅटिनही सुखाने नांदत आहे.

परंतु शब्द परका आहे एवढ्यानेच तो जनतेचा वैरी ठरत नाही. फिर्याद, जामीन, मुद्देमाल हे शब्द फारसी-अरबीतून आले. मावळातल्या शेतकऱ्याला ते समजून घेण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. उलट 'देहोपस्थिती' आणि 'प्राकर्षण' हे आपले घडीव संस्कृत प्रतिशब्द त्याच्यापुढे ठेवा. त्याला ते लॅटिनइतकेच दूरचे वाटतील. (अर्थशास्त्राच्या आम्हा अध्यापकांनाही 'सेटेरिस पॅरिबस' म्हटल्यावाचून चैन पडत नाही. इतर परिस्थिती तीच राहील असे धरून चालायचे, एवढाच त्याचा अर्थ. गरिबाची इतर परिस्थिती कधीच तशीच राहत नाही, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा शब्द कोणत्या भाषेतला, यापेक्षा त्यातला हक्क कोणाच्या हाती पडला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

'हेबियस कॉर्पस' ही लॅटिन आपल्या पिढीला व्याकरणातून नव्हे, आणीबाणीतून कळली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. त्या चौघांमध्ये पुण्यात जन्मलेले आणि येथील विधी महाविद्यालयात शिकलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेच रद्दबातल ठरविला.

मला येथे अधिक बोलायचे आहे ते दुसऱ्या एका वचनाविषयी: 'ऑडी आल्टेरम पार्टेम', म्हणजे दुसऱ्या बाजूचेही ऐकून घ्या. १७२३ साली केंब्रिज विद्यापीठाविरुद्धच्या एका खटल्यात इंग्लंडच्या एका न्यायाधीशाने असा दाखला दिला की, प्रत्यक्ष परमेश्वरानेही आदमला नंदनवनातून घालवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले होते. जगातली पहिली बेदखली म्हणावी ती ही. मुंबईच्या पदपथावरील माणसांच्या वाट्याला मात्र तेवढेही येणार नव्हते. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी त्यांना ऐन पावसाळ्यात हटवून मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. पालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील ३१४ वे कलम आयुक्तांना अशी अतिक्रमणे नोटिशीवाचून हटविण्याची मुभा देत होते. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्या खटल्यात पालिकेतर्फे झालेला युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. पदपथ सार्वजनिक, तेथे राहण्याचा हक्क कोणालाच नाही. मग ऐकून घेऊन निष्पन्न काय होणार? वरवर हे तर्कशुद्ध वाटते. १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश चंद्रचूड (होय, १९७६ चेच) यांनी तो युक्तिवाद फेटाळला. ऐकून घेण्याने निर्णय बदलतो म्हणूनच ते मोलाचे नसते. ज्याच्या जीवनाचा निर्णय होत आहे त्याला माणूस म्हणून समोर उभे राहू देण्यातच त्याचे मोल आहे, असा त्यांचा आशय होता. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हेही त्याच निकालाने मान्य केले. शहरातले दारिद्र्य हे खेड्यातल्या दारिद्र्याचेच ओसंडणे आहे, असे दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली पुण्यातून मांडले होते. माणसे हौसेने पदपथावर येत नाहीत हे अर्थशास्त्राला ठाऊक होते. १९८५ साली ते कायद्यालाही कबूल करावे लागले.

पण निकालाचा शेवट काय झाला? कलम वैध ठरले. पदपथवासीयांचे म्हणणे आम्ही येथेच ऐकले आहे, तेव्हा आयुक्तांनी ते पुन्हा ऐकण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने सांगितले. आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, मुदत दिली. वचन लोकांच्या हाती आले, घर मात्र गेले. हा निकाल गौरवाने सांगणारे पुष्कळ जण येथे घाईने पान उलटतात.

छत्तीस वर्षांनी, २४ जून २०२१ रोजी, पुण्यात आंबिल ओढ्याच्या काठची घरे पाडण्यास सुरुवात झाली. तीही पावसाळ्यात आणि साथीच्या काळात. त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आणावी लागली. ऐकून घेणे आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम पालिकांच्या अंगवळणी पडलेला नाही.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाविषयी देशभरासाठी आदेश दिले: किमान पंधरा दिवसांची नोटीस, व्यक्तिशः सुनावणी, कारणे देणारा लेखी आदेश. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण त्यांतील अपवाद वाचा. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना हे आदेश लागू नाहीत. म्हणजे ज्यांच्या खटल्यातून हे वचन या देशात गरिबांपर्यंत पोहोचले तेच पदपथवासी, आणि मुळा-मुठेच्या काठचे आपले वस्तीवाले, नेमके कुंपणाबाहेर राहिले.

त्यांच्यासाठी १९८५ चा निकाल अजूनही आधार आहे. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो मराठीत, दोन पानांत, समजावून सांगावा. नोटीस आली की त्याच दिवशी, कोणत्या कलमाखाली कारवाई होत आहे हे लेखी विचारावे, सुनावणीची तारीख मागावी, सुनावणी मराठीत व्हावी असा आग्रह धरावा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अर्जात लॅटिन लिहिण्याची गरज नाही. 'आमचे ऐकून घ्या' एवढे पुरे.