भार कोणाचा, सही कोणाची?

अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात १७ जुलै १९८१ रोजी सायंकाळी एका हॉटेलच्या प्रशस्त दालनात नृत्याचा कार्यक्रम रंगला असताना, छतापासून टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. हॉटेल सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. त्या दिवशी ना भूकंप झाला, ना वादळ. चूक कागदावर झाली होती.

मूळ आराखड्यात एकाच लांब लोखंडी गजावर दोन्ही पूल, एकाखाली एक, टांगावयाचे होते. कारखान्याला असा सलग गज बसविणे गैरसोयीचे वाटले. म्हणून त्याचे दोन तुकडे करून खालचा पूल वरच्या पुलालाच अडकविण्यात आला. बदल किरकोळ दिसतो. परंतु एका दोराला दोन गाठी मारून दोन शिंकी टांगली, तर प्रत्येक गाठ आपापल्या शिंक्यापुरता भार पेलते. खालचे शिंके वरच्या शिंक्याला बांधले, की वरच्या गाठीवर दोहोंचा भार येतो. येथे नेमके तेच झाले. सरकारी चौकशीत आढळले की मूळचा जोडसुद्धा शहराच्या नियमांनी सांगितलेल्या किमान क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच होता; बदलानंतर ती क्षमता ३० टक्क्यांवर आली. त्या जोडाचे गणित कारखान्याने अभियंत्यांवर सोडले होते आणि अभियंत्यांनी कारखान्यावर. नकाशावर मंजुरीचा शिक्का मात्र अभियंत्यांचा होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आम्ही श्रमविभागणीचे गुण शिकवितो. ॲडम स्मिथने वर्णिलेला टाचण्यांचा कारखाना प्रत्येकाला पाठ असतो. पण काम वाटून देता येते, उत्तरदायित्व तसे वाटता येत नाही. ते वाटू गेले की कोणाच्याच वाट्याला येत नाही. मिसुरी राज्याने हे ओळखले. तेथे फौजदारी खटला उभा राहिला नाही. परंतु १९८५ मध्ये दोघा जबाबदार अभियंत्यांचा निष्काळजीपणा सिद्ध ठरून पुढे त्यांचे परवाने रद्द झाले. शिक्का ज्याचा, जबाबदारी त्याची, हे तत्त्व त्या निर्णयाने प्रस्थापित केले.

आपल्याकडे काय चित्र आहे? काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात जागेच्या टंचाईपायी वरच्या मजल्यावरील वर्गखोलीत ग्रंथालयाची कपाटे हलविण्याचा ठराव झाला. त्या बैठकीस मी हजर होतो. चर्चा झाली ती वाळवीची, कुलपांची आणि हमालीची. हा स्लॅब पुस्तकांचा भार पेलेल काय, असे कोणीही विचारले नाही. मीही विचारले नाही. भारतीय मानक ८७५ नुसार वर्गखोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार गृहीत धरतात, तर पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीसाठी किमान सुमारे ६०० किलो. म्हणजे एका साध्या ठरावाने आम्ही अपेक्षित भार दुप्पट केला होता. सुदैवाने पुढे एका स्थापत्य अभियंत्याने तो बेत थांबविला. घाटकोपरच्या रहिवाशांना असे सुदैव लाभले नाही. तेथे २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावर केलेले फेरफार त्या दुर्घटनेनंतर चर्चेत आले.

या व्यवहाराचे अर्थकारण विषम आहे. लोखंड वा सल्ल्याचे शुल्क वाचविण्याचा लाभ बांधणाऱ्याला मिळतो. जोखीम मात्र आयुष्याची पुंजी ओतून घर घेणाऱ्याच्या माथी पडते. त्याला फरशी दिसते, रंग दिसतो. स्लॅबमधील सळई दिसत नाही. जेथे ग्राहकाला मालाची पारख करताच येत नाही, तेथे बाजार आपोआप शिस्त लावील, ही अपेक्षा व्यर्थ होय. वास्तुविशारदांसाठी १९७२ मध्ये देशव्यापी कायदा झाला. अभियंत्यांसाठी त्यानंतर दशकानुदशके तसा कायदा झाला नाही.

अभियंत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. इमारत एकदा ताब्यात गेली, की मालक भिंत पाडतो, गच्चीवर टाकी चढवितो, आणि याची वार्ता अभियंत्याला नसते. हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे तात्पर्य एवढेच, की मूळ गृहीतके सर्वांना ठाऊक असली पाहिजेत. लिफ्टमध्ये किती माणसांनी चढावे याची पाटी असते. शाळेच्या, ग्रंथालयाच्या वा कचेरीच्या मजल्यावर ती का नसावी? प्रत्येक सार्वजनिक इमारतीत भाराचा आकडा आणि गणित तपासणाऱ्या अभियंत्याचे नाव दर्शनी भागी लावावे. आराखड्यातील कोणताही बदल, कितीही किरकोळ वाटो, त्याच अभियंत्याकडे परत जावा. मोठ्या वास्तूंचे गणित दुसऱ्या, बांधणाऱ्याशी संबंध नसलेल्या अभियंत्याने पुन्हा मांडावे, आणि त्याचे शुल्क नगरपालिकेमार्फत दिले जावे.

याने खर्च थोडा वाढेल, हे खरे. पण तो खर्च आज आपण वाचवीत नाही. केवळ आत राहणाऱ्यांच्या नावे उधार मांडीत आहोत. स्लॅबला आपल्या ठरावांची भाषा कळत नाही. त्याला फक्त भार कळतो. म्हणून पुढच्या वेळी अशा ठरावावर सही करताना एक प्रश्न तरी इतिवृत्तात नोंदवून ठेवावा, हे तुम्हां-आम्हां सर्वांचे कर्तव्य आहे.