जकातीचा हिशेब मागायला लाजू नका

"आपा, उसको तो मिल चुका है."

गेल्या रमजानमध्ये नागपुरातल्या एका कमिटीच्या खजिनदाराने मला हे ऐकवले. विषय माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईचा होता. बाई विधवा, धुणीभांडी करून घर चालवते. तिला काहीच मिळाले नव्हते. मी हट्टाने वही उघडायला लावली. त्याच नावाची दुसरी बाई शेजारच्या मोहल्ल्यात राहते, किट तिला गेले होते. माझ्या मुलीच्या आईच्या वाट्याला आला तो 'दोनदा घेणारी' हा शिक्का.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून मला ही भानगड लवकर कळली. एका वहीत नावे उर्दूत, दुसरीत मराठीत, तिसरीत इंग्रजीत. अशाने एक बाई तीन होते आणि दोन बायकांची एक होते.

मग भाच्याने लॅपटॉपवर एसक्यूलाइट टाकून दिले. ते फुकट मिळते. तक्ते तीनच: कुटुंबे, देणग्या, वाटप. प्रत्येक कुटुंबाची ओळख नावाने नाही, क्रमांकाने. आता प्रश्न विचारता येतो: यादीतली कोणती घरे वाटपात एकदाही आली नाहीत? मिळालेल्यांची यादी प्रत्येक कमिटीकडे असते. न मिळालेल्यांची कोणाकडे आहे?

इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. दहा हजारांची एक देणगी चार घरांत वाटली आणि दोन्ही तक्ते जोडून देणगीची सरळ बेरीज केली, तर ती चाळीस हजार दिसते. बॅनरवर छापायला छान, पण खोटे.

आणि किती किट वाटले, हा फक्त कामाचा आकडा. त्या घरातले पोर दहावीच्या परीक्षेला बसले का, हा खरा प्रश्न. मदत न मिळालेल्या तशाच घरांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचेही श्रेय घेऊ नये.

हे बोलले की उत्तर तयार असते: "अल्लाह का माल है, हिसाब अल्लाह लेगा." घेईलच. पण सूरह तौबाच्या साठाव्या आयतीने जकातीचे आठ हक्कदार ठरवून दिलेत, ते कशासाठी? जकात गोळा करून आलेल्या इब्न अल-लुत्बियाकडून खुद्द पैगंबरांनी हिशेब घेतला, ही हदीस बुखारीत आहे. हजरत उमर यांनी दीवान, म्हणजे नोंदवह्यांचे दफ्तर उभारले. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण देणाऱ्यासाठी आहे, खजिनदारासाठी नाही.

आम्ही मात्र उलटे करतो. घेणाऱ्या बाईचा फोटो व्हॉट्सॲपवर, वही कपाटात. माझे म्हणणे एवढेच की नावे झाकून ठेवा, आकडे उघडे करा.

नोंदणी असलेल्या ट्रस्टला महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशेब तपासून घ्यावाच लागतो. पण पावत्या जुळल्या म्हणून योग्य घर सापडले, असे होत नाही. ते विचारणे आपले काम आहे. अडीच टक्के काढताना आपण पैसा न् पैसा मोजतो, आणि दिल्यावर एकही प्रश्न विचारत नाही.

यंदा पावती फाडण्याआधी खजिनदाराला विचारा: गेल्या वर्षी कोण राहून गेले? उत्तर नसेल, तर पैसे खिशात ठेवा आणि आपल्या गल्लीतले ते घर स्वतः शोधा.