खुर्चीवरचा योग

माझ्या बाबांनी जवळजवळ पंचवीस वर्षं रोज पहाटे साडेपाचला सतरंजी अंथरली. आधी बारा सूर्यनमस्कार, मग पश्चिमोत्तानासन, सर्वांगासन आणि शेवटी पद्मासनात बसून अनुलोम-विलोम. माझ्या दहावीच्या परीक्षेत, आजी गेली त्या आठवड्यात, घर बदललं त्या दिवशीसुद्धा खोक्यांच्या मधोमध जागा करून, यात खंड पडला नाही. मग साठीच्या सुमाराला गुडघ्यांनी दगा दिला. मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा सांगलीत ज्या गटाबरोबर बागेत योगासनं करायचे, तिथे त्यांनी विचारलं की मी खुर्चीवर बसून करू का? गटातले एक ज्येष्ठ साधक म्हणाले, "करा की. पण त्याला योग म्हणू नका. तो आपला व्यायाम."

बाबा घरी आले, सतरंजीची घडी घातली आणि कपाटावर ठेवून दिली. पुढची दोन वर्षं ती खाली आली नाही. प्राणायामसुद्धा बंद. मी फोनवर म्हटलं, "अहो बाबा, श्वास घ्यायला गुडघा कशाला लागतो?" तर म्हणाले, "बैठकच नाही तर प्राणायाम कसला?"

हा लेख त्या ज्येष्ठ साधकांच्या वाक्याविरुद्ध आहे. त्या गृहस्थांविरुद्ध नाही. त्यांचा हेतू वाईट नसणार. पण हे वाक्य आपल्याकडे फार ठिकाणी आणि फार सहज बोललं जातं. 'खरा योग' असा नाही, 'मूळ परंपरेत' हे बसत नाही, हल्लीचं सगळं बाजारू. ज्याला हे ऐकवलं जातं तो अनेकदा दुसरं काही 'खरं' शोधायला जात नाही. तो करत होता तेवढंही सोडून देतो. शुद्धतेचा हिशेब मांडताना ही वजाबाकी कोणी धरत नाही.

ज्या मूळ परंपरेच्या नावाने बाबांना खुर्ची नाकारली गेली, तिच्यात काय आहे ते आधी बघू. पतंजलीच्या योगसूत्रांची संख्या १९५, काही प्रतींत १९६. त्यांतली आसनाबद्दलची सूत्रं तीन. त्यांत एकाही आसनाचं नाव नाही; बैठक स्थिर आणि सुखाची असावी एवढीच अपेक्षा आहे. गुडघे दुखत असताना घातलेलं पद्मासन या अपेक्षेत बसत नाही आणि खुर्ची बसते, हे कळायला संस्कृत यावं लागत नाही. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त आसनं पंधरा. त्यांत उभ्याने करायचं एकही नाही. त्रिकोणासन नाही, वीरभद्रासन नाही. आणि बागेतल्या त्या गटाची सुरुवात ज्याने होते, तो सूर्यनमस्कारही नाही.

मग आमच्या घरात सूर्यनमस्कार आले कुठून? आजोबांकडून. आजोबा आटपाडीचे, आणि त्यांच्या लहानपणी आटपाडी औंध संस्थानात होती. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. स्वतः राजेसाहेबांनी आधी बरीच वर्षं सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला होता, मग ते नमस्कारांकडे वळले आणि त्यांचे कट्टर प्रचारक झाले. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तकही लंडनहून निघालं. त्या काळात सूर्यनमस्कार आणि योगासनं या दोन वेगळ्या गोष्टी समजल्या जात. म्हैसूरच्या राजवाड्यात दोन्हींचे वर्ग वेगवेगळे भरत. मुंबईत १९१८ साली योग शिकवण्याची संस्था काढणाऱ्या योगेंद्रजींनी तर नमस्कारांची योगाशी सरमिसळ करायलाच आक्षेप घेतला होता. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी बाबा तेच बारा नमस्कार घेऊन एखाद्या शुद्धतावाद्यापुढे गेले असते, तर त्यांना तेव्हाही हेच ऐकावं लागलं असतं: करा, पण त्याला योग म्हणू नका.

परंपरा ज्यांनी खरोखर पुढे नेली ती माणसं या बाबतीत राखणदारांपेक्षा मोकळी होती. स्वामी कुवलयानंद माधवदास महाराजांचे शिष्य. गुरूकडून मिळालेलं जपून ठेवायचं एवढंच त्यांनी केलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पण नौली करताना पोटातल्या दाबाचं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून त्यात हे प्रयोग छापले. त्याच संस्थेने 'हठप्रदीपिके'ची हस्तलिखितं ताडून काळजीपूर्वक संपादित केलेली आवृत्तीही काढली. प्रयोगशाळा आणि पोथी एका छताखाली नांदल्या, आणि त्यामुळे कोणाचा योग बाटला नाही.

दुसरं उदाहरण म्हैसूरच्या तिरुमलै कृष्णमाचार्यांचं. त्यांचे तीन शिष्य जगभर माहीत आहेत. पट्टाभि जोइस यांनी श्वासाला बांधलेली, ठरलेल्या क्रमाची, घाम काढणारी पद्धत शिकवली. बी. के. एस. अय्यंगार यांनी एकेका आसनात थांबून पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंतची रचना बघायला शिकवलं. मुलगा देशिकाचार याने समोरच्या माणसाचं वय, आजार, स्वभाव बघून अभ्यास बेतायला शिकवलं. गुरू एक, योग तीन. गुरुशिष्य परंपरा म्हणजे झेरॉक्स असेल, तर या तिघांतले निदान दोघे खोटे ठरतात. आणि हेच कृष्णमाचार्य इंद्रादेवीला शिकवायला आधी तयार नव्हते. महाराजांनी शब्द टाकला तेव्हा तयार झाले. माझ्यासारख्या बाईने मॅटवर उभं राहणं हाच मुळात परंपरेत झालेला बदल आहे. तो मान्य असेल तर खुर्ची का नको?

इथे पलीकडच्या बाकावरचे लोक टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांच्याशीही बोलते. माझ्या वयाच्या, माझ्या क्षेत्रातल्या अनेकांना हल्ली एक शोध लागलेला असतो: योग वगैरे सगळा विसाव्या शतकातला बनाव आहे, युरोपातली जिम्नॅस्टिक्स घेऊन वर संस्कृत नावं चिकटवली. यात अर्ध सत्य आहे आणि ते अर्धवटच वाचलेलं आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात 'हठाभ्यासपद्धती' नावाच्या ग्रंथाचं हस्तलिखित आहे. ग्रंथ अठराव्या शतकातला. त्यात शंभरावर आसनं आहेत: उताणी, पालथी, उभ्याने करायची आणि चक्क दोराच्या आधाराने करायचीसुद्धा. कुठलीही इंग्रजी कवायत आपल्या शाळांत पोचण्याआधी कोणीतरी दोराला लटकून नवीन आसनं रचत होतं आणि लिहूनही ठेवत होतं. म्हणजे या परंपरेत भर पडत राहणं जुनंच आहे.

खरं तर हे दोन्ही पक्ष एकच गोष्ट मानतात: जुनं असेल तरच खरं. एकाचं म्हणणं की योग पाच हजार वर्षं जसाच्या तसा आहे म्हणून खरा. दुसऱ्याचं म्हणणं की तसा नाही म्हणून खोटा. भांडण फक्त तारखेचं. मी रोज कोड लिहिते. आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी केला, कधी, कशासाठी. दहा वर्षं चाललेल्या प्रणालीत पहिल्या दिवसाची ओळ क्वचितच शिल्लक असते, म्हणून ती खोटी होत नाही. पण उद्या कोणी ती नोंदवहीच पुसून टाकली आणि म्हणालं की हे सगळं आरंभापासून असंच होतं, तर तो प्रणालीचा आदर नव्हे. ज्यांनी रात्री जागून ती दुरुस्त केली त्यांची नावं पुसणं आहे. 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' म्हणताना आपण औंधच्या राजांचं, कुवलयानंदांचं, अय्यंगारांचं नेमकं हेच करतो.

मग वाट्टेल तो बदल चालेल का? बिअर पीत योग, बकरीची पिल्लं पाठीवर घेऊन योग, हेही जगात चालतं. दर २१ जूनला आमच्या ऑफिसात पांढरे टी-शर्ट वाटतात, चाळीस मिनिटं हात वर-खाली होतात, फोटो निघतात आणि २२ जूनला मॅट गोदामात जातात. हाही 'बदलता योग'च म्हणायचा का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. माझं उत्तर असं: बदल कोणासाठी केला ते बघा. ज्याने उद्या सकाळचा अभ्यास शक्य होतो, तो बदल परंपरेच्या बाजूचा. ज्याने अभ्यासाची गरजच उरत नाही, फोटो काढला की झालं असं वाटतं, तो बदल कितीही संस्कृत बोलला तरी परंपरेच्या बाहेरचा. 'हठप्रदीपिका' तर सांगते की ही विद्या झाकून ठेवली तर फळते, दाखवत सुटलं तर निर्बळ होते. पोथीतलं काही अक्षरशः पाळायचंच असेल तर मैदानं भरवणाऱ्यांनी हे पाळून दाखवावं.

आता माझी गोष्ट, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी ती सांगायला हवी. बाबांची सतरंजी कपाटावर होती त्या काळात मी फोनवरच्या ॲपवर योग करत होते. ॲप रोज आकडा वाढवायचं: सलग तीस दिवस, सलग साठ दिवस. ऐंशीच्या आसपास मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. थांबायला हवं होतं. पण आकडा शून्यावर जाईल म्हणून मी दुखऱ्या पायाने पुढचे अकरा दिवस केले. मग दोन महिने फिजिओथेरपी. त्या अकरा दिवसांत मी दहा मिनिटं डोळे मिटून नुसती श्वासाकडे बघत बसले असते तरी अभ्यास चालू राहिला असता. ॲपमध्ये तो मोजला गेला नसता, एवढंच.

त्या पडीक दिवसांत मी 'हठप्रदीपिका' मराठी अर्थासह वाचली. योग कशाने बिघडतो याची सहा कारणं तिच्यात दिली आहेत: अतिखाणं, अतिश्रम, बडबड, नियमाग्रह, माणसांची गर्दी आणि चंचलपणा. 'नियमाग्रह' या शब्दाशी मी अडखळले. नियमाचा आग्रह, असा सरळ अर्थ. ब्रह्मानंदांची 'ज्योत्स्ना' टीका उदाहरणं देते ती थंड पाण्याने पहाटे आंघोळ, फलाहारावर राहणं अशा हट्टांची. पण संधी दुसरीकडून सोडवला तर नियम-अग्रह, म्हणजे नियम न पाळणं, असाही अर्थ निघतो. एकाच शब्दात दोन्ही आजार. अभ्यासक कुठला अर्थ बरोबर यावर वाद घालोत. मला त्यात आमचं घर दिसलं. बाबांनी बैठकीचा आग्रह धरला आणि अभ्यास सोडला. मी आकड्याचा आग्रह धरला आणि पाय मोडून घेतला. पतंजली अभ्यासासाठी तीनच अटी घालतो: दीर्घ काळ, खंड न पाडता आणि आदराने. यांतली आदराची अट मी कधी मोजलीच नव्हती.

बाबा गेल्या वर्षी पुण्याला आले तेव्हा मी त्यांना अय्यंगारांची गोष्ट सांगितली. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय, सगळं झालेला हा मुलगा. १९३७ साली पुण्यात शिकवायला आला तेव्हा अठरा वर्षांचा. १९६६ साली त्याचं पुस्तक निघालं, जे मराठीत 'योगदीपिका' म्हणून आपल्याकडे घराघरांत आहे आणि ज्यातली छायाचित्रं बघून भलेभले घाबरतात. आणि याच माणसाला १९७९ साली स्कूटरच्या अपघातानंतर साधी आसनंही जमेनात, तेव्हा तो साधनांचा आधार घेत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. विटा, पट्टे, दोर, खुर्ची. बाबा ऐकत होते. म्हणाले, "त्यांचं वेगळं. ते मोठे." मी म्हटलं, "म्हणूनच सांगतेय. त्यांना कमीपणा वाटला नाही, आपल्याला का वाटावा?"

दुसऱ्या दिवशी त्यांना जवळच्या एका वर्गाला घेऊन गेले. शिकवणाऱ्या बाई बाबांच्याच वयाच्या. त्यांनी पाठीचा पत्रा काढलेली लोखंडी घडीची खुर्ची पुढे सरकवली, बाबांना बसवलं, पायांखाली दोन विटा दिल्या, आणि खुर्चीवर आहात म्हणून काही सूट दिली नाही. "काका, पाठ. काका, छाती उचला. काका, श्वास धरून ठेवू नका." पाऊण तासाने बाबा घामेजले होते.

आता सांगलीत रोज पहाटे साडेपाचला जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते. आई सांगते, सतरंजी कपाटावरून खाली आली आहे आणि खुर्ची सरकू नये म्हणून तिच्याखाली अंथरलेली असते. बागेतल्या गटात बाबा परत गेलेले नाहीत. जे करतात त्याला ते अजूनही योग म्हणत नाहीत. 'माझं सकाळचं' म्हणतात. फोन साडेपाच ते सव्वासहा लागत नाही.